आठचा तीन

एकतीस वर्षं प्रेसमध्ये आकडे तपासले.
नाशिकरोडला, उत्तरेच्या खिडकीपाशी, भिंगाखाली,
नोटांचे ताव, तावावर ताव.
एक आकडा कलला तरी अख्खा ताव बाद.
त्यामुळे फाईल उतरवली तेव्हा
चेकसमची चौसष्ट अक्षरं मी बोट ठेवून जुळवली,
दोनदा.
मंदा म्हणाली, पारायणाला बसलात का?

राउटर सात वर्षांचा. कंपनीनं हात झटकलेले:
याला आता नवं काही मिळणार नाही, दुसरा घ्या.
का म्हणून? उन्हानं पांढऱ्याचा पिवळा झालाय,
एका अँटेनाला चिकटपट्टी आहे,
पण चालतोय की.
आणि कोण कुठले लोक, कुठल्या कुठल्या देशांत बसून,
असल्या टाकून दिलेल्या डब्यांसाठी फर्मवेअर लिहितात,
उघडं, फुकट, ज्याला कळेल त्यानं वाचावं असं.
मला तेच आवडलं. प्रेसमध्ये सगळं कुलपात.
सुटीच्या भोंग्याला आम्ही खिसेसुद्धा उलटे करून दाखवायचो.

खालच्या लेबलवर आवृत्ती तीन.
तीनची फाईल घेतली. पडद्यानं विचारलं:
ही या यंत्राची दिसत नाही. तरी सक्तीनं चढवू?
मी चौकटीत खूण केली.
त्याला काय कळतंय, म्हटलं.

मग एकच दिवा, लुकलुक, लुकलुक,
बाकीचे चार मेलेले.
टाचणीनं रिसेट दाबून धरलं, दहा सेकंद, तीस सेकंद,
लॅपटॉपला हातानं पत्ता दिला,
फाईलचं नाव बदललं, वायर काढली, घातली,
जेलरोडची वीज गेली, आली.
लुकलुक.
दोन दिवस मंदा गच्चीवर जाऊन
मोबाईलच्या डेट्यावर बहिणीशी बोलली,
मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं.

बिटकोजवळ ओवैस अत्तारचं दुकान, दोन माणसं मावतील एवढं.
त्यानं चार स्क्रू काढले. पाचवा लेबलखाली होता.
लेबल सोलून माझ्या हातात दिलं.
आत हिरव्या पाटीवर ओळीनं ठिपके,
त्यांना तीन तारा डकवल्या:
एक जमिनीची, एक बोलायची, एक ऐकायची.
काका, आधी याला बोलतं करू. काय दुखतंय ते तोच सांगेल.
पडद्यावर नुसता कचरा आला, चौकोन, प्रश्नचिन्हं.
वेग चुकलेला. त्यानं वेग बदलला
आणि काळ्यावर पांढऱ्या ओळी धो धो उतरायला लागल्या.
एका ओळीत यंत्रानं आपलं नाव सांगितलं.
आवृत्ती आठ.

मी लेबल उजेडात तिरकं धरलं.
इंग्रजी आठ, डावी कड घासलेली,
सात वर्षं टेबलावर सरकून सरकून.
नंबराचं चाक झिजलं की आठचा तीन छापला जातो,
हे नव्या पोरांना मीच शिकवायचो,
पहिल्याच आठवड्यात.
फाईल खरी होती, अक्षरन् अक्षर.
दुसऱ्याच्या घरची होती.

ओवैस हसला नाही. त्या न हसण्याला मी चहा पाजला.

आठची फाईल चढली. पाचही दिवे.
घरी आणून लावला, तर वायफाय गायब.
पोटात गोळा. ओवैसला फोन.
काका, हे नवं चढवलं की रेडिओ बंदच असतो,
तुम्ही म्हणाल तेव्हा सुरू. देश निवडा, पासवर्ड टाका.
विचारल्याशिवाय बोलायचं नाही अशी त्याची रीत म्हणे.
सक्तीच्या चौकटीत खूण करणारा मी
खुर्चीत जरा सरकून बसलो.

आता मागच्या खोलीत मंदा बहिणीला कुकर दाखवतेय,
आणि ती सिन्नरहून ओरडतेय,
अक्का, शिट्टी नाही बिघडली, रबर उलटं बसवलंयस.
मी बारीक निबचं पेन घेऊन
आठची डावी बाजू पुरी केली.
शाई वाळेपर्यंत
राउटर उताणा ठेवला, चालू.