अडतीस

लीटरभर ओतायची. सहा वर्षं तीन महिने हात लावायचा नाही.
मग उरते बासष्ट.
म्हणून आमची बाटली ठेंगणी, रुंद खांद्यांची,
नेमकी बासष्ट सेंटीलीटरची.
जेवढं राहिलं तेवढंच मावावं,
गेलेल्याची जागा रिकामी दिसू नये म्हणून.

तुम्ही टोकियोहून आलात, पॅरिसहून आलात.
बुटांना ज्युराची निळसर चिकणमाती लागलीय, लागू दे.
ला कोंब-नोआरच्या तळघरात वाकून या, चौकट बुटकी आहे.
दिवा मी धरते.

इतरांची तळघरं बारा महिने एकसारखी गार.
आमच्याला दोन झरोके, मुद्दाम उघडे:
उन्हाळ्यात पिंपांनी तापावं, जानेवारीत काकडावं.
सुख लागलं की ही वाइन बिघडते.

दुसरीकडे पिंपात बोटभर पोकळी राहिली
तर मालक रात्री उठून भरतो.
इथे ती पोकळी हेच भांडवल.
तिच्यातल्या हवेवर, दुधावर धरावी तशी
साय धरते. राखाडी, सुरकुतलेली,
श्वासानेही फाटेल अशी.
तिच्याखाली सावान्यँ हळूहळू विसरतं
की आपण द्राक्ष होतो.
मग अक्रोड येतो. मग मेथीदाणा,
तव्यावर किंचित जास्त भाजलेला.
मग मीठ,
आणि समुद्र तर इथून उठून गेला
त्याला कोट्यवधी वर्षं झाली.

मठाचं दानपत्र, सतराशेच्या आधीचं, माहितीपत्रकात आहे.
मुळं कुरतडणाऱ्या किडीने सारा उतार खाल्ला,
ओनेझीम पेरोदँने वेली जाळल्या
आणि अमेरिकन खुंटावर कलमं बांधायला शिकला, शिव्या घालत.
तेही आहे. शिव्या सोडून.

नाही ते सांगते.
१९१३ची तोडणी उशिरा, नोव्हेंबरात, बोटं बधिर.
पाच पिंपं भरली. तिसऱ्यावर आँतेल्मने
खडूची एक आडवी रेघ ओढली
आणि झेलीला म्हणाला, हे आपलं.
पुढच्या ऑगस्टात चर्चची घंटा अवेळी वाजली.
निघताना एवढंच: हलवू नकोस, भरू नकोस, उघडू नकोस.

घोडा सैन्याने नेला. नांगर तिने आणि धाकट्या नणंदेने ओढला.
त्याची पत्रं आली, मग त्याच्या तुकडीचं आलं.
छाटणी मात्र एकाही वर्षी चुकली नाही.

वीस साली, फेब्रुवारीत, पाचही पिंपं तिने चाखली.
चार अशी, की गावातले म्हातारे टोप्या काढून उभे राहिले.
त्याच चारांवर हे नाव, हे छप्पर,
तुमची दोन वर्षांची प्रतीक्षायादी.
रेघेच्या पिंपावरची साय कधीतरी मोडली होती.
आत नुसता शिरका.

कधी मोडली असेल?
लोक तारखा जुळवू लागले तशी तिने
ओल्या फडक्याने रेघ पुसून टाकली.
शिरका नाल्यात ओता म्हणाले,
तिने तो मातीच्या बुधल्यात काढला.

आता ग्लास फिरवताना तुम्ही म्हणाल, देवदूतांचा वाटा.
सगळेच म्हणतात.
झेली म्हणायची, छप्पर पितं,
आणि वर गळतंही.

जेवायला थांबणार असाल तर
सॅलडवर चार थेंब घालीन.
त्याला लेबल नाही, वर्ष नाही, विकायचा नाही.
बुधला अजून जिवंत आहे,
दर शरदात त्याला घोटभर नवी वाइन पाजावी लागते.
या घरातलं हे एकच भांडं
जे आम्ही भरत राहतो.