साडेसहाची ऊब

रात्री केबल खोचली. हिरवा दिवा लागला.
निघायची वेळ साडेसहा, तीनदा तपासली.
तरी सकाळी सीट म्हणजे दगड.
बाहेर उणे चोवीस.

ईवार म्हणाला, फ्यूज.
फ्यूज ठणठणीत.
बॅटरी भरलेली, आणि ॲप सांगतं ‘पूर्ण झालं’,
वही न दाखवणाऱ्या आगाऊ पोरासारखं.
तिसऱ्या दिवशी आम्ही एकमेकांवर घसरलो:
तुला केबल लावता येत नाही,
तुला मॅन्युअल वाचायला नको.
शाळेच्या स्वयंपाकघरात
बटाटे सोलायला माझी बोटं वळेनात.

चौथ्या सकाळी बर्फ खरवडायला वाकले
आणि तशीच राहिले.
काचेच्या खालच्या कडेला पावलं होती,
मांजराची.
वितळलेल्या पाण्यात उमटून
पुन्हा गोठलेली.

म्हणजे काच तापली होती.
म्हणजे गाडी खोटं बोलत नव्हती.
आत बसून डॅशबोर्डवरचं घड्याळ पाहिलं:
साडेसात.

ऑक्टोबरात अख्ख्या योकमोकनं काटे मागे घेतले,
हिला कुणी सांगितलंच नाही.
ही बिचारी रोज साडेपाचला
रिकाम्या खुर्च्यांना ऊब देत बसायची,
आणि टोर्केलचं करडं मांजर
बिनबोभाट वसुलीला यायचं.

घड्याळ लावायला मिनिटही लागलं नाही.
ईवारला अजून सांगितलेलं नाही.

आज सीट उबदार.
मांजर मात्र पायरीवर, मिशांवर दहिवर,
बहुधा साडेपाचपासून;
माझ्याकडे बघतंय असं
की वेळ मीच बिघडवली.