वीतभर

तोयोहिकोसान, निवृत्त पोस्टमन,
सासायामाचं घर विकून आमागासाकीत सातव्या मजल्यावर आले
आणि येताना सहा तातामी घेऊन आले.
"खोली सहा चटयांचीच आहे," म्हणाले,
"नकाशात छापलंय."

मी चाळीस वर्षं तातामी शिवतोय.
नकाशातली चटई आणि जुन्या घरातली चटई
नुसत्या नावाच्या बहिणी.
टेप लावली. प्रत्येक चटई लांबीला वीतभर जास्त,
रुंदीला चार बोटं.
कापावं लागेल, म्हटलं.
ते दाराशी काढलेल्या चपलांकडे बघत राहिले.

मग सांगू लागले:
तिथे खोल्यांना नावं नव्हती, नुसते आकडे.
सहाची, आठची, साडेचारची.
सहाचीत जेवायचं, तिथेच रात्री गाद्या.
वडील गेले तेव्हा सगळी सरकती दारं उचलून ठेवली,
बागेपर्यंत एकच खोली झाली,
अख्खी आळी मावली, ओल्या छत्र्यांसकट.
भिंतीला कान असतात म्हणतात,
आमच्याकडे भिंत म्हणजे कानच, कागदाचा.
किनुएनं कूस बदललेली मला साडेचारचीत कळायची.
इथे प्रत्येक दाराला एकेक काम नेमून दिलंय.
निजायची खोली दुपारी काय करते, कोण जाणे.

किनुएसान चहा घेऊन आल्या होत्या.
"पस्तीस वर्षं," त्या मला म्हणाल्या, त्यांना नाही,
"रडायचं असलं की मी न्हाणीतला नळ सोडायचे.
या दाराला कडी आहे.
आतून."
पेले ठेवले. गेल्या.
खट्.
तो आवाज आम्ही दोघांनीही चहाबरोबर गिळला.

खाली सायकलींच्या शेडमध्ये कापायला बसलो.
सुरी फिरली तसा पेंढा वास सोडू लागला,
कुठल्या साली कापलेलं भात ते, देव जाणे.
तिसऱ्या चटईवर निखाऱ्याचा डाग
नेमका रेघेवर आला.
अर्धा ठेवला.

"हे उरलेलं टाकून देऊ?"
"नको."

सहा पट्ट्या त्यांनी बाल्कनीत शेजारी शेजारी मांडल्या,
एसीचं धूड आणि वाळत घातलेले मोजे यांच्या मधोमध.
ओसरी म्हणावी तर एका माणसाची.
समोर झाड नाही, एक्सप्रेसवे.
बसले. मग थोडे सरकून बसले,
बाजूला जागा ठेवून.

मी पावती फाडली.
कापणावळ सहा चटयांची.
उरलेल्याचं काय लावायचं ते मला ठरेना.
आतली कडी अजून लागलेलीच होती
आणि पलीकडे कुणीतरी, अगदी हळू,
गुणगुणत होतं.