कुणाच्या जागी कोण

निपाणीच्या कोर्टात जिन्याखाली जी खोली आहे
तिच्यात आधी मोडक्या खुर्च्या टाकत.
आता आम्ही बसतो. अकरा जणी, सात खुर्च्या,
त्यातल्या दोन अजून मोडक्याच.

दाराआड खिळ्याला एक काळा कोट.
कुणाचा, ते विचारायचं नसतं.
नवी पोरगी सनद घेऊन येते,
स्वतःचा शिवेपर्यंत हाच घालते.
तहसीनच्या तो गुडघ्यापर्यंत यायचा.
भारतीला सातव्या महिन्यात पुढून मिटेना,
तेव्हा अक्काताईंनी बटणं काठाकडे सरकवली,
बाळंतपणानंतर पुन्हा आत.
सुईची जुनी भोकं अजून दिसतात.

कपाटात एक वही आहे.
तिच्यात लिहायचं : कुणाच्या जागी कोण.
‘भारतीच्या पोराला ताप. जामिनाला नीलव्वा उभी.’
‘तहसीनचे अब्बा गेले. तिच्या चार तारखा :
मी, अक्काताई, मी, रेवती.’
परतफेडीचा रकाना आखायचा राहून गेला.
पुढे राहू दिला.

मला कानडी बोलता येतं, वाचताना अडखळते.
नीलव्वा हुकूम वाचून दाखवते, ओळीखाली बोट धरून.
मी तिला तिच्या पक्षकारणीची मराठी सोडवून देते :
‘जिवाला लावून घेतलं’ हे जबाबात कसं लिहायचं,
लिहायचं की नाही.
तारीख, हक्क, जामीन हे शब्द दोघींचे,
तिच्याकडे शेवटी एक उकार लागतो, इतकंच.
पाटीवरच्या अक्षरांवरून चौकात दगड पडले
त्या दुपारी आम्ही खिडकी लावून घेतली
आणि तिच्या डब्यातली शेंगाचटणी संपवली.
त्यावर बोललो नाही. बोलायला हवं होतं कदाचित.

भांडत नाही असं नाही.
वर्गणीवरून रेवती आणि अक्काताई
दोन महिने एकमेकींकडे बघत नव्हत्या.
वहीत मात्र त्याच दोन महिन्यांत
रेवतीच्या जागी अक्काताई,
अक्काताईंच्या जागी रेवती.

माझी आई विड्या वळायची.
एखादीचं बोट कापलं की बाकीच्या
आपापल्या सुपातला एकेक कट्टा
मुकादम यायच्या आत तिच्या सुपात सरकवत.
मी दारात बसून गणितं सोडवायचे,
तंबाखूच्या खाटानं शिंकत.
हे गणित तेव्हा सुटलं नाही.

मार्चमध्ये माझीच फाइल त्या कोर्टात चढली.
वीस वर्षं दुसऱ्यांच्या पोटगीसाठी बोलले,
पण पुकारा झाला, माझं नाव, नवऱ्याच्या आडनावासकट,
आणि हात कुठं ठेवायचे तेच कळेना.
अंगावर कोट नव्हता.
नीलव्वा कानाशी म्हणाली,
‘घाबरायलीस कशाला गं?
आज तू वकील न्हाईस. गप हुबी ऱ्हा.’

वकीलपत्रावर दहा सह्या.
मराठी, कानडी, तहसीनची घाईतली इंग्रजी.
साहेबांनी चष्मा कपाळावर नेला :
‘यातल्या बोलणार कोण?’
दहाही जणी एकमेकींना वाट देत राहिल्या,
मग सगळ्यांत धाकटी, भारती, पुढं झाली.
तोच कोट. तीच भोकं.
तिचा आवाज कापत होता. एक कलम चुकलं.
माझ्या जिभेवर बरोबर कलम होतं,
मी ते गिळलं.
काही निकाल लागला नाही.
पुढची तारीख मिळाली, सगळ्यांना मिळते तशी.

संध्याकाळी वही काढली.
‘माझ्या जागी’ एवढं लिहिलं
आणि नावं ओळीत मावेनात.
समासात लिहिली, मग समासाच्या वर, आडवी,
जिथं जागा होती तिथं.
पट्टेवाला जिन्यावरून किल्ल्या वाजवत उतरला.
‘आटप की गं,’ नीलव्वा दारातून,
‘चिकोडीची बस जाईल माझी.’