पहिली वेलांटी

धंतोलीत, लॅबच्या काउंटरवर
उभ्याउभ्याच वाचला मी माझा निकाल.
ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर: नाही.
अँटी-सीसीपी: काठावर.
काठावर म्हणजे काय रे?
पोरगा म्हणाला, मॅडम, पास बी नाही, नापास बी नाही.
माझाच विद्यार्थी. तीस शब्दांच्या परीक्षेत
दोनदा काठावरून परतलेला प्रणय धकाते.

सव्वीस वर्षं झाली,
महालात, दुसऱ्या मजल्यावर, मी मराठी टंकलेखन शिकवते.
अकरा यंत्रं होती, चार उरली.
साडेसहाच्या बॅचआधी माझी बोटं उघडत नाहीत.
स्वयंपाकघरात गंजात पाणी तापवते,
त्यात दोन्ही हात सोडून बसते.
गंज म्हणजे आमच्याकडे भांडं,
तिकडे पुण्याकडे लोखंडाला चढतो तो.
माझ्या सकाळीला दोन्ही अर्थ लागू.

प्रतिपिंड, मी आईला समजावते,
रक्तातले राखणदार, आपल्याच घरावर उलटलेले.
ती भाजी निवडायची थांबते.
जित्या माणसाले पिंड काहून म्हनून राहिली वो?
मग मी शब्द बदलते. संधिवात म्हणते.
तो तिच्या ओळखीचा.
त्याला ती निर्गुडीचा पाला बांधते.

पण हा तो नव्हे.
डॉक्टर चिंचमलातपुरेंनी एक्स-रे खिडकीकडे धरला.
हाडं स्वच्छ आहेत, म्हणाले,
जसं कोणी म्हणावं, वही कोरी आहे.
भांडण तुमच्या मोठ्या आतड्यात.
गुडघा, मनगट फक्त ऐकतात.
आणि तो काठावरचा आकडा?
पोटाच्या काही पेशंटांत असा निघतो,
सांधे न झिजवता नुसता बसून राहतो.
बघू. सहा महिन्यांनी.

आतड्याचं नातं म्हणतात ते हेच असावं.
आतडं पेटलं की गुडघा सुजतो,
आतडं निवलं की तो मुकाट्यानं जिना चढतो.
सीताबर्डीपासून मेडिकल चौकापर्यंत
कुठल्या दुकानामागे संडास आहे,
कुठला मालक चावी देतो,
कुठला आधी नाव विचारतो,
हा नकाशा माझ्याकडे आहे. कोणी मागत नाही.
मे महिन्यात, चेचाळीस डिग्रीत,
कूलरच्या गार वाऱ्यापासून मनगट ओढणीत गुंडाळून निजते
आणि बहीण विचारते, थंडी वाजते का तुला?

एक गोष्ट मात्र डॉक्टरांच्या आधी मला कळायला हवी होती.
गुडघा दुखायला लागला ते साल वेगळं.
पोटातून रक्त गेलं ते त्यानंतर दोन वर्षांनी.
त्या दोन वर्षांत मी तेल चोळलं, जिने टाळले,
वय झालं म्हटलं. एकोणचाळीस.

मोमिनपुऱ्याची तरन्नुम नवीन आहे.
यंत्रासमोर बसून भांडते:
मॅडम, बोलताना अक्षर आधी, मात्रा मागून.
मग मशीनवर वेलांटी आधी का मारायची?
कारण ऱ्हस्व वेलांटी तशीच असते, बाळ.
आधी ती येते, एकटी,
कोऱ्या कागदावर कुणाची तरी छत्री धरून.
अक्षर मागून येतं.
तोवर ती चूकच वाटते.

तिनं विचारलं, असा एखादा शब्द द्या, सोपा.
माझा हात आज बरा होता.
मी तिच्या यंत्रावर वाकून मारला:
वेलांटी. न. मग दान.
निदान.

तिनं वाचलं. म्हणजे आजार ओळखणं ना?
हो. आणि कमीत कमी, असाही.
तिनं ओळ भरून तोच शब्द मारला,
निदान निदान निदान निदान,
शेवटी न विसरली,
नुसतीच वेलांटी राहिली काठावर.
खोडू का, मॅडम?
राहू दे, म्हटलं. पुढची ओळ घे.