नावाचा बंदोबस्त

वाळपईच्या पुढे, भट्टीमागच्या ऑफिसात
खिडकी लावली तरी
काजूच्या टरफलांचा धूर कीबोर्डवर बसतोच.
रत्नाकर माजीक समोर उभा. बस म्हटलं तरी बसत नाही.
बेळगावच्या शेठनं चार लाख भरले
कुठल्याशा नव्या खात्यात,
कारण पत्र माजीकच्या नावाचं होतं,
सही तीच, खाली 'देव बरें करूं' सुद्धा.
"आम्ही पाठवलंच नाही," तो म्हणतो,
तिसऱ्यांदा, जणू संशय मलाच आहे.

पाकिटावर कुणीही कुणाचंही नाव घालतं,
मी म्हटलं. ईमेल पहिल्यापासून अशीच भोळी.

पहिली ओळ लिहिली, एसपीएफ:
तुमच्या नावानं बोलायची मुभा कुणाला, त्याची यादी.
दुसरी डीकेआयएम: शिक्का आपल्या कपाटात,
आणि त्याचा नमुना चव्हाट्यावर टांगलेला,
ज्याला हवं त्यानं ताडून पाहावं.
तिसरी डीमार्क. इथं माझी बोटं थांबली.
जुळलं नाही तर काय करायचं?
आत सोडायचं, बाजूला ठेवायचं,
की दारातूनच परत?

"परत! हाकलूनच घाल."
मी लिहिलं: काही करू नका,
फक्त रोज कळवा.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
की मी चोराला चहा विचारला.

मग पहाटे पहाटे अहवाल येऊ लागले.
कुठकुठल्या देशांतून किती जण
माजीक होऊन बोलले:
एकशे बारा. चाळीस. तीनशे सहा.
आणि त्यांच्यातच एक,
दर सोमवारी सहा वाजून दहा मिनिटांनी, वास्कोहून.
बिनशिक्क्याचं, यादीबाहेरचं, एकुलतं एक पत्र.
माग काढला तर बंदरावरचं गोदाम,
तिथं मिंगेल फुर्तादोचा जुना संगणक.
मिंगेल निवृत्त होऊन सहा वर्षं झाली,
यंत्र अजून वजनाचे आकडे पाठवतंय,
आणि इथली हिशोबनीस म्हणते,
"कोण पाठवतं ते ठाऊक नाही गं,
पण आकडे कधी चुकले नाहीत."

पहिल्याच दिवशी दार लावलं असतं
तर चोरांबरोबर संन्यासीही सुळावर.

हा धीर मला पुस्तकानं नाही दिला.
सुकांती गावडे वीस वर्षं इथं टरफलं फोडते.
खोबरेल चोळलं तरी ते तेल चावतंच,
बोटांच्या रेषा केव्हाच पुसल्या.
रेशनच्या दुकानात अंगठा टेकवते,
यंत्र म्हणतं, ही ती नव्हे.
पदराला पुसून पुन्हा टेकवते.
ही ती नव्हे.
मागे रांगेत अख्खा वाडा उभा,
एकेकजण तिला माहेरच्या नावानं ओळखणारा.

वास्कोला यादीत घेतलं, शिक्का दिला.
मग थोडी थोडी पत्रं बाजूला,
मग निम्मी, मग सगळी.
आज शेवटचा शब्द बदलला: नाकारा.

चार लाख आले नाहीत.
शेठ आता आधी फोन करतो,
माजीकचा खोकला ऐकतो, मगच पैसे सोडतो.
शिक्क्याचं समजावलं त्याला.
हूं म्हणाला.

निघताना सुकांतीनं तुकडा काजूची पुडी दिली.
"दीड महिना काय करत होतीस गो?"
सांगितलं, जमेल तसं.
"म्हणजे आधी नुसतं बघितलंस,
चौकशी केलीस,
मग नाही म्हटलंस?"
"हो."
तिनं अंगठा डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळला,
गुळगुळीत, काळपट.
"मग रेशनच्या त्या यंत्राला
कोण शिकवणार हे?"