पंचविसाव्या ताटानंतर

सकाळी दहाला मी डाळ-तांदूळ धुते, तिसऱ्या पाण्यापर्यंत.
हत्तुरे बाई आल्या की डबे उघडून बघतात,
मीठ आयोडीनचं आहे ना, गाजर बारीक चिरलंय ना,
मग मोबाईल वर धरून उन्हात उभ्या राहतात
रेंज यावी म्हणून.

विडी घरकुलातली आमची अंगणवाडी:
एक खोली, वर पत्रा, भिंतीवर रंगवलेला हत्ती.
हत्तीच्या सोंडेत कुणीतरी खिळा ठोकलाय
वजनकाटा टांगायला.

एकतीस पोरं.
ताटं वाढताना पंचवीस झाली की
माझा हात थांबतो, आपोआप,
दोरा शोधतो.
बावीस वर्षं असाच थांबत होता:
पंचवीस विड्या, एक कट्टा, गाठ.
मग मी हाताला सांगते, अजून सहा आहेत रे,
आणि ही बांधायची नाहीत.

लास्या कुरापाटी जूनमध्ये आली.
वय तीन, वजन नऊ किलो शंभर,
दंडाची पट्टी पिवळ्यावर.
खिचडी पुढे ठेवली की घास उचलायची,
नाकाशी न्यायची,
आणि परत ताटात ठेवायची, नीट, होता तसा.
रडायची नाही.
आम्ही सगळं करून पाहिलं.
जिरं कमी केलं. चिमूटभर शेंगाचटणी लावली.
लापशीत गूळ वाढवला.
पर्यवेक्षिका येऊन म्हणाल्या, चव बदलून बघा,
आणि तसं वहीत लिहून गेल्या.

एक दिवस बाई मीटिंगला गेलेल्या.
मी मांडी घालून बसले, तिला मांडीत घेतलं,
जिथं सूप असायचं तिथं,
आणि माझ्या हातानं घास केला. तिनम्मा, म्हटलं.
तिनं माझी बोटं हुंगली.
आधी अंगठा. मग शेजारचं बोट,
ज्याच्या नखानं मी पानाचं तोंड दुमडायची.
आणि खाल्लं.
ताट पुसून खाल्लं.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही.
पण विडी सोडून मला चार वर्षं झालीत,
दिवसातून दहादा साबण लावते,
पोरांना म्हणते, नखं दाखवा,
आणि एवढ्याशा नाकाला
माझ्या हातात तिची आई सापडली.

रजिस्टरात शेरा म्हणून एक रकाना आहे.
बाईंनी विचारलं, काय लिहू, कशानं खायला लागली?
म्हटलं, लिहा, भूक लागली.

दिवाळीपर्यंत ती आपल्या हातानं जेवू लागली.
पट्टी हिरव्यावर. दहा किलो सहाशे.
हुंगायचं विसरली.

मग एका संध्याकाळी पद्मजा आली, तिची आई,
लुगड्यावरचा तंबाखूचा चुरा झटकत.
आत आली नाही, उंबऱ्यावरूनच म्हणाली,
अक्का, तुम्ही खिचडीत काय घालता?
रात्री माझा हात ढकलते.
वास येतो म्हणते.

मी म्हटलं, तेलात हळद कालवून लाव.
लिंबाची साल चोळ. राखही चालते.
किती दिवसांत जातो?
घरी तिच्या सहाशे विड्या बाकी होत्या,
सकाळी कारखान्यात मोजून द्यायच्या.
जातो, म्हटलं.
दोन लिंबं दिली. कोठीतली नव्हे, माझी.
तिनं ती पदरात घेतली आणि
जाता जाता, मला दिसू नये अशी,
आपली बोटं नाकाशी नेली.

आज गाजर नव्हतं, भोपळा घातला.
पत्रा तापायच्या आत वाढायला घेतलं.
तेवीस. चोवीस. पंचवीस.
लास्या रांगेत सव्विसावी बसते.
माझा हात थांबला.
तिनं वर बघितलं,
आणि रिकामं ताट वाजवलं.